बांध कोरला? कोर्टातून मोजणी मागा

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात बांध नांगराच्या फाळाबरोबर सरकतो. शेजाऱ्याशी हमरीतुमरी नको. आधी पहाणी उतारा (इकडचा सातबारा), टिपण (जुन्या मोजणीची मापं-आकृती), आकारबंद (सर्व्हे नंबरचं क्षेत्र आणि सारा यांची नोंद) यांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढा. कागद कानडीत असतात, जाणत्याकडून ओळ न ओळ वाचून घ्या. दावा चालू असेल तर वकिलाकरवी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेवर जाऊन मोजणी करून अहवाल देणारा कोर्टाने नेमलेला माणूस, मागा. नेमायचा की नाही, ते कोर्टाच्या हातात. मोजणीला स्वतः हजर राहा. सर्व्हेअर हद्दीचा कुठला जुना दगड धरून माप टाकतो, ते बघाच! माझा दगड करवंदीच्या जाळीत गाडलेला. जाळी तोडून दाखवला, तेव्हा नोंद झाली. अहवाल पटला नाही तर लेखी हरकत घ्या. कमिशनरची उलटतपासणीही मागता येते.