सोलापुरात आलात? तेवीस लिटरची बादली माळ्यावर टाका

चिपळूणहून सोलापुरात येऊन मला चौदा वर्षं झाली. बदली होऊन आलेली पोरं घर, शाळा, खाणावळ असलं विचारतात. एखादा मात्र हळूच विचारतो, "काका, घरी ब्रूइंग करायचा, म्हणजे बिअर आंबवायचा सेट आहे माझ्याकडे. इथे जमेल का?" जमेल, पण आणलाय तसा नाही.

आधी कायद्याचं. परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा १९४९च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो विषय इथेच संपला. मी त्याच सामानात आल्याचं फसफसतं पेय आणि कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा करतो. एअरलॉकमधले (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची नळी) बुडबुडे बघून शेजारच्या काकूंनी विचारलंच होतं, "काय ओ, गाळायलाव की काय?" आंबताना यातही थोडा अल्कोहोल तयार होतो, म्हणून साखर बेताची, मुदत कमी, आणि मुलांना द्यायचं नाही.

आता सेटमधली ती तेवीस लिटरची बादली. इथे नळाला रोज पाणी येईल ही अपेक्षा सोडा, ते काही दिवसांआड येतं. एवढं भांडं, झाकण, तोटी, नळ्या धुवायला दोन बादल्या पाणी सहज जातं, आणि ते ओतताना घरच्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. म्हणून घाणा चार लिटरचा. मधल्या मारुतीच्या बाजारातून पाच लिटरची काचेची बरणी आणा, प्लॅस्टिकच्या झाकणाला भोक पाडून रबरी बुश बसवा आणि तुमचाच एअरलॉक त्यात खोचा. चार लिटर त्या मोठ्या बादलीत करू नका, वर निव्वळ हवा राहते. कोंबुच्याचं मात्र उलटं, त्याला हवा लागते. तिथे एअरलॉक नको, तोंडाला सुती फडकं बांधा.

घाणा लहान केला की सगळंच त्या प्रमाणात लहान होत नाही, नवे लोक इथे फसतात. उकळताना वाफ किती जाते ते भांड्याच्या तोंडावर ठरतं, आतल्या पाण्यावर नाही. पसरट पातेल्यात वीस लिटरमधलं तासाला दोन लिटर उडालं तर चालतं, चार लिटरमधलं तेवढंच उडालं तर हातात काय राहिलं? उंच, अरुंद पातेलं घ्या. साखर मोजायच्या तरंगत्या हायड्रोमीटरचंही तसंच. त्याच्या नळीत दरवेळी शंभर-दीडशे मिली ओतावं लागतं. प्रकाशावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात, पण आंबायला लागल्यावर तो साखर खरीपेक्षा जास्त दाखवतो. मी आता दोन्ही वापरत नाही, चव घेतो.

माझं प्रमाण: चार लिटर पाणी, चारशे ग्रॅम साखर, दीडशे ग्रॅम किसलेलं आलं, तीन लिंबं. उकळून पूर्ण गार झालं की वाटीभर आल्याचं विरजण. हे विरजण म्हणजे सालासकट किसलेलं आलं आणि साखर, रोज चमचा-चमचा पाण्यात घालत जायचं. थंडीत आठवडा लागतो, मे महिन्यात तिसऱ्या दिवशीच फेस येतो. बोअरचं पाणी टाळा, ते जड असतं. भांड्यांवर पांढरं बसलंच तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवा.

उन्हाळा ही इथली खरी परीक्षा. पारा त्रेचाळीसवर गेला की लहान बरणी मोठ्या बादलीपेक्षा कितीतरी लवकर तापते. पण तीच लवकर गारही होते, आणि त्याला उपाय गावातच विणला जातो. परातीत चार बोटं पाणी घ्या, बरणी त्यात उभी करा, भोवती सोलापुरी टॉवेल गुंडाळा आणि त्याचं टोक पाण्यात सोडा. टॉवेल पाणी वर ओढतो, कोरडी हवा ते उडवते, बरणी माठासारखी गार राहते. चिपळूणला हे केलं असतं तर टॉवेलला नुसता कुबट वास आला असता.

बाटल्या प्लॅस्टिकच्या, सोड्याच्याच घ्या. दाबून बघायची, दगडासारखी लागली की त्याच दिवशी फ्रिजमध्ये. पहिल्या उन्हाळ्यात मी हौसेने काचेच्या भरल्या आणि ओट्याखाली ठेवून दोन दिवस गावी गेलो. परत आलो तर तीन फुटलेल्या, एक काच थेट पिठाच्या डब्यात, आणि दारापासून ओट्यापर्यंत मुंग्यांची रांग. दहा किलो ज्वारीचं पीठ टाकून द्यावं लागलं. तो विषय अजून निघतो घरात.

विरजण मुद्दाम नव्याने करत बसू नका, वाटी घेऊन या. फक्त पाणी यायच्या दिवशी नको, तेव्हा मी टाकीपाशी असतो.