रात्री रोही किंवा चितळ आडवं आलं तर

विदर्भात रोही, म्हणजे नीलगाय, जंगलापेक्षा शेताकडेलाच जास्त भेटते. संध्याकाळी आणि पहाटे जास्त जपा.

८० च्या वेगात जनावर दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत साधारण ६०-७० मीटर जातात. लो बीमचा उजेड तेवढा पोचतच नाही. ५० वर हेच अंतर ३५ मीटरच्या आसपास येतं. समोरून गाडी नसेल तर हाय बीम ठेवा आणि नजर रस्त्यापेक्षा कडेच्या गवतावर. तिथे दोन ठिपके चमकले की लगेच वेग कमी करा.

जनावर उजेडात थिजून उभं राहिलं तर लो बीम करा, हॉर्न तुटक वाजवा. एक चितळ ओलांडून गेलं म्हणून लगेच गाडी दामटू नका, मागे कळप असतो.

अगदी समोर आलंच तर ब्रेक जोरात, स्टेअरिंग सरळ. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पेडल थरथरेल, पाय काढू नका. गाडी वळवली की झाड, नाला नाहीतर समोरचा ट्रक. रोह्याचा मोठा नर २०० किलोच्या पुढे भरतो, पाय लांब; धडकेत धड थेट काचेवर येतं. म्हणून सीटबेल्ट मागच्यांनीही लावायचा.