कौन्सिलने टेम्पररी जागा देऊ केली तर: आधी किल्ली घ्या, मग भांडा

इंग्लंडमध्ये बेघर झालात आणि कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेकडे, मदत मागितलीत की फोन बहुतेक वेळा शुक्रवारी दुपारी तीन-साडेतीनला येतो. हाउसिंग ऑफिसर घाईघाईत सांगतो की तुमच्यासाठी प्लेसमेंट, म्हणजे राहायला जागा आहे, किल्ली आजच घ्यायची आहे, हो की नाही ते अर्ध्या तासात कळवा, मग पत्ता टेक्स्ट होतो, तुम्ही तो मॅपवर टाकता आणि पोटात गोळा येतो, कारण मुलांची शाळा तिथून दोन बस आणि एक ट्रेन लांब. आणि नेमकं तेव्हाच घरातलं नाहीतर व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की असली जागा कशाला घेता, नाही म्हणा, दुसरी देतील.

नाही देत हो. फुकट मिळणाऱ्या सल्ल्यांमधला हा सगळ्यात महाग. कौन्सिलच्या मते जागा योग्य होती आणि तुम्ही नाकारली, तर ते सरळ हात वर करू शकतात, आमची जबाबदारी संपली म्हणून, आणि मग तुम्ही बॅगा घेऊन त्याच ऑफिसबाहेर उभे.

मी वकील नाही. ओळखीतल्या मराठी लोकांबरोबर हाउसिंग ऑफिसात भाषा सांभाळायला जाऊन बसते, त्यात जे बघितलं आणि चुका करून शिकले ते लिहितेय. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे, स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे.

त्याआधी व्हिसा बघा. स्टुडंट, स्किल्ड वर्कर, डिपेंडंट अशा बहुतेक व्हिसांवर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी पैशातली मदत घेता येणार नाही, असं लिहिलेलं असतं, तसं असेल तर कौन्सिलची ही होमलेस मदत सहसा मिळत नाही आणि अर्ज करण्याआधी इमिग्रेशनचा सल्ला घ्यायलाच हवा. घरात लहान मुलं असतील तर १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टच्या सेक्शन १७ खाली सोशल सर्व्हिसेस मदत करू शकतात, तो रस्ता वेगळा. ब्रिटिश पासपोर्ट किंवा इंडेफिनिट लीव्ह (इथे कायम राहायची परवानगी) असेल तर सहसा अडचण येत नाही, पण बरीच वर्षं भारतात राहून नुकतेच परत आला असाल तर प्रश्न विचारतात.

आता ऑफर. फोनवर पहिला प्रश्न हा विचारायचा: ही ऑफर कुठल्या सेक्शनखाली आहे? ऑफिसर दोन सेकंद गप्प होतो, काही जण चिडतात पण, तरी विचारायचाच कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

१९९६ च्या हाउसिंग अॅक्टमधले दोन आकडे लक्षात ठेवा, १८८ आणि १९३. सेक्शन १८८ म्हणजे चौकशी चालू असताना तुम्हाला रस्त्यावर झोपायला लागू नये म्हणून दिलेली जागा. लहान मुलं, गरोदरपण, गंभीर आजार, घरातल्या मारहाणीमुळे घर सोडावं लागणं, असं काही असेल आणि तुम्ही बेघर आहात असं मानायला कारण असेल तर ती द्यावीच लागते, सगळे कागद आणा मग बघू असं म्हणून टाळता येत नाही. सेक्शन १९३ म्हणजे चौकशी संपली, कौन्सिलने तुमची पूर्ण जबाबदारी लेखी मान्य केली, आणि कायमचं काही होईपर्यंत दिलेली जागा. ती पण टेम्पररीच म्हणतात, आणि तिथे लोक वर्षानुवर्षं काढतात, म्हणून टेम्पररी शब्दावर फार विसंबू नका.

फरक असा की १९३ च्या जागेबद्दल सेक्शन २०२ खाली रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, मागायचा कायदेशीर हक्क आहे, मुदत २१ दिवस, आणि मुख्य म्हणजे जागा घेऊनसुद्धा रिव्ह्यू मागता येतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं एकदा किल्ली घेतली की तोंड बंद. १८८ च्या जागेला असा रिव्ह्यू नाही, तिथे कौन्सिलला पुन्हा विचार करा म्हणून लिहायचं आणि ऐकलंच नाही तर वकिलामार्फत ज्युडिशियल रिव्ह्यूचं पत्र, म्हणजे कौन्सिल कायद्याने वागली का ते कोर्टाकडून तपासून घेऊ असं. ऐकायला भारी वाटतं पण बरेचदा वकिलाच्या पहिल्या पत्रावरच फोन येतो. उत्पन्न कमी असेल तर बेघरपणाच्या केसला लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने वकील, मिळते.

म्हणून दोन्हीकडे उत्तर एकच, "हो, पण". हो फोनवर, पण ईमेलवर, आणि शक्यतो त्याच रात्री. मी लोकांना जो मजकूर इंग्रजीत करून देते तो साधारण असा:

"आज दिलेली जागा मी घेत आहे कारण माझ्याकडे राहायला दुसरी जागा नाही. मी ती घेतली म्हणजे ती योग्य आहे हे मला मान्य आहे असा अर्थ काढू नये. ती माझ्या कुटुंबाला योग्य नाही, कारणं खाली दिली आहेत. ही ऑफर सेक्शन १९३ खाली असेल तर मी सेक्शन २०२ खाली रिव्ह्यू मागत आहे. सेक्शन १८८ खाली असेल तर योग्यतेचा पुन्हा विचार करून मला लेखी उत्तर द्यावं."

कारणं लिहिताना रडगाणं नको, खरंच सांगते. जागा खूप वाईट आहे, आम्हाला त्रास होतो, असं लिहिलं की त्याची फाइल होते आणि फाइल कपाटात जाते. मोजता येईल असं लिहा: शाळेला दारापासून दारापर्यंत किती मिनिटं, किती वेळा बदलायचं, नाइट शिफ्ट कितीला सुटते आणि तेव्हा बस आहे का, हॉस्पिटलची अपॉइंटमेंट महिन्यातून किती वेळा, सासूबाईंना रोज इन्शुलिन द्यायला कोण जातं. हे सगळं कौन्सिलने बघायचं असतं, २०१२ च्या सुटेबिलिटी ऑर्डरमध्ये, म्हणजे जागेच्या योग्यतेच्या नियमांत, नोकरी, शिक्षण, कोणाची काळजी घेणं, दवाखाना, वाहतूक सगळं आलंय. लांब पाठवल्याबद्दल तर सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल आहे. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने पाच मुलांच्या आईला मिल्टन कीन्सजवळ ब्लेचलीला घर देऊ केलं, तिने नाकारलं, कौन्सिलने जबाबदारी संपली म्हणून सांगितलं आणि कोर्टात हरले, कारण जवळ काही शोधलं का, इतकं लांबच का, याचा हिशोब त्यांना दाखवता आला नाही. तेव्हा ईमेलमध्ये सरळ विचारा की जवळ कुठे कुठे बघितलं ते सांगा. पण तिने नाकारलं आणि जिंकली म्हणून आपणही नाकारू, असं डोक्यात घेऊ नका, ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत न्यावी लागली.

आता एका वहिनींची गोष्ट, दोन मुलं, नवरा वेगळा. खोली मिळाली ती बी अँड बी, म्हणजे लॉजसारख्या जागेमध्ये. दोन पलंग एकमेकांना चिकटवलेले, फ्रिजवर मायक्रोवेव्ह, संडास-बाथरूम कॉरिडॉरच्या टोकाला आणि तो चार कुटुंबांत मिळून. खिडकी चार बोटं उघडायची. वहिनींनी पलंग पुढे ओढला आणि म्हणाल्या, "अगं हात लावून बघ, भिंत ओली आहे." पलंगामागे काळी बुरशी, जमिनीपासून पार उशीच्या उंचीपर्यंत, आणि धाकट्याला दमा. आम्ही मोठ्याची शाळेतली पट्टी भिंतीला लावून फोटो काढले, एक फोटो इनहेलर शेजारी धरून. मला तेव्हा ते जरा नाटकी वाटलं होतं पण नंतर वकिलाने पहिला तोच फोटो मागितला. जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, दोन ओळींचं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं.

मुलं किंवा गरोदर बाई असेल तर बी अँड बी हा अगदी नाइलाज झाल्यावरचा पर्याय, आणि तोही जास्तीत जास्त सहा आठवडे. संडास, बाथरूम किंवा किचन दुसऱ्या कुटुंबांबरोबर शेअर असेल तर ती बी अँड बी धरतात, बाहेर पाटी हॉटेलची असो नाहीतर गेस्ट हाउसची. कौन्सिलचं स्वतःचं किंवा हाउसिंग असोसिएशनचं (स्वस्त भाड्याची घरं देणारी संस्था) हॉस्टेल मात्र यात येत नाही, तिथे हा नियम लावायला जाऊ नका. पहिल्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये बेचाळिसावा दिवस टाकून ठेवायचा. वहिनींनी टाकला होता.

नाही म्हणायची वेळ एकच, जिथे जाणं धोक्याचं आहे. मारणारा नवरा किंवा त्याचे नातेवाईक त्याच भागात असतील तर ते ऑफिसरला लगेच सांगा, लेखी सांगा, आणि नुसतं नाही म्हणून फोन ठेवू नका, दुसरी जागा आत्ता हवी म्हणा. नॅशनल डोमेस्टिक अब्यूझ हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, फुकट आणि चोवीस तास. बाकी घराच्या प्रश्नाला शेल्टर या सेवाभावी संस्थेची हेल्पलाइन ०८०८ ८०० ४४४४. ऑफिसमध्ये इंटरप्रीटर मागायला लाजू नका, आणि मुलांना तर मध्ये बसवूच नका भाषांतराला, दहा वर्षांच्या पोराने आईबापाच्या भांडणाचं इंग्रजी करायचं हे मला बघवत नाही.

पैशाचं बघा. टेम्पररी जागा फुकट नसते, भाडं लागतं आणि ते बघून डोळे पांढरे होतात. यात बहुतेकदा युनिव्हर्सल क्रेडिटमधून (कमी उत्पन्नाला मिळणारा सरकारी भत्ता) भाडं मिळत नाही, कौन्सिलकडे वेगळा हाउसिंग बेनिफिटचा, म्हणजे भाड्याच्या मदतीचा, अर्ज करावा लागतो, तो पहिल्याच आठवड्यात करा, नाहीतर थकबाकी चढते आणि त्याच थकबाकीवरून पुढे जागा जाऊ शकते. दोघं नोकरी करत असाल तर बेनिफिट थोडा मिळेल किंवा अजिबात नाही, अशा वेळी तुमचा महिन्याचा खर्च मांडून परवडत नाही हेही ईमेलमध्ये टाका, परवडणं हासुद्धा योग्यतेचाच भाग आहे. हीटिंग, जेवण असले चार्जेस बेनिफिटमध्ये येत नाहीत, ते वेगळे विचारून घ्या.

सामानाचं सगळे विसरतात. कपाट, पलंग, देवघर त्या एका खोलीत मावणार नाही, आणि ठेवायची सोय तुम्हाला करता येत नसेल तर सामान सांभाळण्याची जबाबदारी सेक्शन २११ खाली कौन्सिलवर येते, पैसे लावतात पण करतात. मागावं मात्र लागतं.

राहायला गेल्यावर रजिस्टरवर सही असेल तर रोज करा. चार रात्री बहिणीकडे झोपलात तर यांना जागेची गरज नाही असं ठरवून मोकळे होतात, जायचंच असेल तर आधी ईमेल. जीपीचं रजिस्ट्रेशन पत्त्याच्या पुराव्याशिवाय होतं. पोस्ट जुन्या पत्त्यावर जाणार नाही हे बघा, कारण ते २१ दिवस निर्णय कळवल्यापासून मोजतात आणि तुम्ही पत्र उशिरा उघडलं म्हणून थांबत नाहीत.

वहिनींचा बेचाळिसावा दिवस उलटला, काहीच हललं नाही, त्रेचाळिसाव्या दिवशी वकिलाचं पत्र गेलं. चार दिवसांनी फोन, यावेळी चक्क मंगळवारी सकाळी. दोन खोल्या, स्वतःचं किचन, शाळेला एक बस. वहिनी म्हणाल्या, "कुठल्या सेक्शनखाली?" अजून १८८ च होता. मग हो म्हणून सांगितलं, किल्ली घेतली, पलंग पुढे ओढून भिंती बघितल्या, आणि संध्याकाळी तोच ईमेल तारीख बदलून, बुरशीचा मुद्दा काढून परत पाठवला.