चाललाव ते चाललास : उद्याच्या मराठवाड्यात दोन पुरुषांची रीतीभातीची प्रेमकथा कशी लिहायची

दोन तरुण, स्वभाव एकमेकांच्या उलटे. काळ दीडशे-पावणेदोनशे वर्षं पुढचा. समाज मात्र इंग्लंडच्या रीजन्सी काळासारखा चालीरीतीला जपणारा. एवढं सामान हाताशी आलं की बहुतेक लेखक पहिल्याच प्रकरणात नजरानजर घडवून मोकळे होतात. सहाव्या प्रकरणात गाडी रुतते, कारण दोघांना अडवणारं काही उरलेलंच नसतं. म्हणून आधी नियम लिहा. प्रेमाचं पुढं बघू.

रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०. तिसरा जॉर्ज आजारपणामुळं राज्य चालवू शकेना आणि मुलगा रीजंट म्हणून कारभार बघू लागला, तो काळ. लंडनच्या ऑलमॅक्स या नाचघरात बुधवारच्या नाचाला जायचं तर मानाच्या बायकांच्या मंडळाकडून परवाना लागायचा. एकाच जोडीदाराबरोबर दोनपेक्षा जास्त नाच झाले की लोकांच्या लेखी सोयरीक ठरलीच. लग्न न ठरलेल्या मुलामुलीनं एकमेकांना पत्र लिहिणं गैर. पत्राचा खर्च बहुधा घेणाऱ्याच्या माथी, तोही कागदाच्या संख्येवर. त्यामुळं काटकसरी लोक एक पान लिहून झालं की तेच आडवं धरून त्याच ओळींवरून पुन्हा लिहीत.

हे सगळं जसंच्या तसं उचललं की घोटाळा होतो. ते नियम बाई आणि पुरुष यांच्यासाठी होते. दोन पुरुष एकत्र शिकारीला गेले, एका खोलीत राहिले, तरी कोणी हूं की चूं करत नसे. संबंध उघड झाले तर मात्र थेट फाशी. त्या कायद्याखालची शेवटची फाशी इंग्लंडात १८३५ मध्ये झाली. त्याच विचारातून १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ कलम आपल्याकडं आलं आणि सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं काढलं. म्हणजे जुनं जग तसंच आणलं तर अडसर तरी नाही, नाहीतर सरळ फास. हलकीफुलकी, चटका लावणारी गोष्ट या दोन्हींत बसत नाही.

यावर उपाय असा. तुमच्या समाजात दोन पुरुषांचं लग्न ही रोजची गोष्ट ठेवा. कोणी त्यावर भाषण देत नाही. पण नियम असा करा की लग्नाळू माणूस, बाई असो की पुरुष, सोबत्याशिवाय दुसऱ्या लग्नाळूला भेटणार नाही. सोबती म्हणून मावशी चालेल, मामा चालेल, पेन्शनर मास्तर तर फारच चांगला. असे सातच नियम लिहा, एका कागदावर मावतील इतके. प्रत्येकासमोर दोन गोष्टी मांडा : मोडला तर दंड काय, आणि तो कोण भरतं. दंड नायकानं एकट्यानं भरायचा असेल तर नियम कच्चा. धाकट्या बहिणीची सोयरीक मोडत असेल तर पक्का.

दंड कशात मोजायचा, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. हा धागा पुढं ओढा. इस्टेट म्हणजे जमीन नव्हे, मांजरा धरणाच्या पाण्यातला हिस्सा. पत्र हातानं लिहिलेलं, ड्रोननं येणारं आणि घेणाऱ्यानं लिटरमध्ये हशील भरून सोडवायचं. दुष्काळाच्या वर्षी नायक कोणाचं पत्र सोडवतो एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं. तारखा आणि यंत्रांची वर्णनं एका पानाच्या आत संपवा. पोशाखाला कोट-क्रॅव्हॅट नको. नेमक्या त्याच वर्षांत आपल्याकडं निजाम सिकंदर जाहचा अंमल होता, तेव्हा अदब, अत्तर, विडा आणि संभाजीनगरचा हिमरू घरचाच आहे. पुणेरी थाट इथं उसना वाटतो, अगदी खरं सांगायचं तर.

आता सगळ्यात रसाळ भाग, मानपान. आपल्या लग्नाची सगळी रीत वरपक्ष वर आणि वधूपक्ष खाली या उतरंडीवर उभी आहे. दोघंही वर असले की दोन्ही घरं वरपक्ष! सोयरीक घेऊन आधी कोणी कोणाच्या ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दारालगतच्या बैठकीत, जायचं? टॉवेल-टोपी कोणी कोणाला करायची? दोन वरमाया एकाच मांडवात रुसल्या तर समजूत काढायला उरतं कोण? इथंच नवखे लेखक एका नायकाला मनातल्या मनात नवरी करून टाकतात : तो लाजतो, तो स्वयंपाक करतो, त्याच्याच घरचे हात जोडून उभे. ही या प्रकारातली सगळ्यात मोठी चूक. त्याऐवजी समाजाला एक तोडगा काढू द्या. उदाहरणार्थ, ज्याच्या घरचा पाणीहिस्सा कमी, त्याच्या ढाळजेत आधी जायचं. मग श्रीमंत घराचा अहंकार आपोआप दुखावतो आणि भावकीला तोंड फुटतं.

उलट्या स्वभावांबद्दल थोडक्यात. गरीब-श्रीमंत हा उलटेपणा नव्हे, ती नुसती परिस्थिती. उलटेपणा सवयीत हवा, आणि एकाची सवय दुसऱ्याच्या कामात आडवी यायला हवी. औशाच्या जुन्या वाड्यातला विश्वंभर पाटकरी आहे : चारीवर कोणाची पाळी किती मिनिटं हे तो मोजतो, आणि शब्दही तसेच मोजून वापरतो. धारूरचा बालाजी ऊसतोडीच्या यंत्रटोळीचा मुकादम : बोलता बोलता उचल देणारा, वेळ न पाळणारा. एकानं पाणी मिनिटावर तोडलं की दुसऱ्याची टोळी बसून राहते. भांडण कामाचं असेल तर ते वीस प्रकरणं पुरतं. गैरसमजाचं भांडण तिसऱ्या पानावर एका फोननं मिटतं.

नाचाच्या जागी काय, हा प्रश्न हमखास अडवतो. वेळ अमावस्या घ्या. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, भज्जी, उंडे, खीर आणि आंबिल. त्या दिवशी वाटसरूलाही जेवायला बोलवायचं असतं. तुमचा नियम म्हणतो, एका लग्नाळूशेजारी पंगतीला दोनदा बसू नये. रीत म्हणते, आंबिल मागणाऱ्याला नाही म्हणू नये. दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. पहिला स्पर्श इथं, पुस्तकाच्या साधारण चाळीस टक्क्यांवर :

विश्वंभरनं तांब्या दोन्ही हातांनी पुढं केला. बालाजीनं एका हातानं घेतला, मग आठवल्यासारखा दुसरा हात लावला. मटक्याभोवतीचं ओलं फडकं वाऱ्यानं सुकत आलं होतं.
“आता कुठं चाललाव?” बालाजीनं विचारलं.
“सोबत्याला बघायला. मास्तर हुरड्याच्या आगटीपाशी झोपलेत.”
“झोपू द्या.”

बोटांना बोटं लागली हे लिहूच नका. दुसरा हात पुरे.

आपल्या भाषेनं इंग्रजीला नाही ते एक हत्यार दिलंय : तुम्ही आणि तू. साठ हजार शब्दांची कादंबरी असेल तर पहिले चाळीस हजार शब्द दोघांनी एकमेकांना ‘बालाजीराव’, ‘पाटकरीसाहेब’ म्हणावं, ‘चाललाव’ म्हणावं. मग एकदाच, तेही रागाच्या भरात, ‘चाललास’ निसटू द्या. बोलणारा सावरतो, पुढच्या वाक्यात परत ‘तुम्ही’वर येतो, आणि ऐकणाऱ्याला रात्रभर झोप नाही. हा शब्द पंधराव्या हजारातच आला तर पुढं चढायला पायरी राहत नाही. आणि दोघांनी एकदम ‘तू’वर येऊ नये; कमी बोलणाऱ्यानं आधी यावं, म्हणजे विश्वंभरनं.

तपासणी करताना दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. जिथं नियम पाळला तिथं एक, मोडला तिथं दुसरी. सलग तीन प्रकरणांत दुसरा रंग दिसला नाही तर मधलं प्रकरण काढा. ज्या नियमाला पुस्तकभर एकदाही दुसरा रंग लागला नाही, तो कागदावरूनच खोडा.

लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन अक्षय्य तृतीयेच्या आसपास संपवा. तोवर कालव्याच्या पाण्याचं उन्हाळी आवर्तन चालू असतं आणि टोळी गावी परतलेली असते. म्हणजे शेवटच्या प्रकरणात पाटकऱ्याला रजा नाही आणि मुकादमाला काम नाही. बालाजीनंच चारीवर यायचं, सोबत्याशिवाय, भरदुपारी, सगळ्यांच्या देखत.