इंदूरहून ओंकारेश्वरची परिक्रमा

इंदूरहून ओंकारेश्वर साधारण ८० किलोमीटर. पहाटेच निघा, सिमरोल, बडवाह, मोरटक्का असा रस्ता, मध्ये घाट लागतो. म्हातारी माणसं सोबत असतील तर श्रावणातला सोमवार टाळाच, ती गर्दी त्यांना झेपत नाही.

आधी नर्मदेत स्नान, मग ओंकारेश्वराचं दर्शन, मग ते देऊळ ज्या बेटावर आहे त्या मांधाता बेटाची परिक्रमा. बेट उजव्या हाताला ठेवून चालायचं, सुमारे ७ किलोमीटर. सासूबाईंना घेऊन मला चार तास लागले. अनवाणी चालणार असाल तर ऊन चढायच्या आत निम्मी वाट संपवा, पायऱ्या फार तापतात. प्रसाद पिशवीत खोल ठेवा, वानरं हातातून ओढून नेतात. समोरून कोणी आलं की ‘नर्मदे हर’ म्हणा.

कावेरी (दक्षिणेतली नव्हे, इथली) आणि नर्मदेच्या संगमावर मात्र घाई करू नका. सासूबाईंनी तिथे ओंजळभर पाणी उचललं, डोळ्यांना लावलं, हलकेच परत सोडलं आणि कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. मीही शेजारी बसून राहिले. असं बसायला मिळावं म्हणूनच तर यायचं!

शेवटी पूल ओलांडून दक्षिण तीरावर ममलेश्वराच्या शिवमंदिरात जा. त्याच्या दर्शनाशिवाय यात्रा पुरी झाली असं आमच्या घरी कुणी मानत नाही.