जुना हाय-फाय ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना या चुका टाळा

१९७० च्या दशकातला एखादा जड, लाकडी कव्हराचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर माळ्यावरून खाली आला की घरातल्या मंडळींना तो त्याच संध्याकाळी वाजलेला हवा असतो. पहिली चूक या घाईतच होते: धूळ पुसून तो सरळ २३० व्होल्टच्या बोर्डात लावला जातो. त्याआधी त्याची मागची बाजू नीट वाचावी. जपानच्या स्वतःच्या बाजारासाठी बनलेले संच १०० व्होल्टचे असतात, अमेरिकेतले १२० व्होल्टचे. आखातातून किंवा बोटीवरच्या नोकरीतून आपल्याकडे आलेल्या कित्येक संचांच्या मागे व्होल्टेज निवडण्याची चकती असते आणि ती आज कुठे फिरवलेली आहे, हे पाहिल्याशिवाय प्लग हातात घेऊ नये.

व्होल्टेज जुळत असले तरी पहिली वीज सिरीज बल्बमधूनच द्यावी. ६० किंवा १०० वॅटचा जुन्या धाटणीचा, तारेचा बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजमध्ये जोडायचा आणि स्पीकर काढून ठेवायचे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून ती सपाट करणारे मोठे कपॅसिटर) भरले गेले आणि मोठा शॉर्ट नाही, असे समजावे. तो प्रखर जळत राहिला तर ताबडतोब बंद करून रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे डायोड) आणि आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारे) तपासावेत. फ्यूज उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे किंवा त्यावर तार गुंडाळणे हा तर अपराधच मानावा. दहा रुपयांचा फ्यूज वाचवताना ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि त्या मापाचा दुसरा मिळत नसल्याने तो नव्याने गुंडाळून घेण्याची वेळ येते.

बंद केलेला संच निर्धोक झाला असे धरून चालू नये. ४० व्होल्टला भरलेला १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केल्यास ठिणगीने टोक वितळते आणि कपॅसिटरही दुखावतो. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर काही सेकंद लावून धरावा आणि मीटरवर व्होल्टेज उतरल्याची खात्री करून मगच आत हात घालावा.

माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे यापुढचे आहे. स्टीरिओ संचात एकाच प्लेटवर एकसारखी दोन सर्किटे असतात, आणि बहुतेक वेळा त्यांतले एक चांगले असते. हातात सर्किट डायग्राम नसला तरी ही चांगली बाजू आपल्याला सगळे सांगते: प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवरचे व्होल्टेज आधी चांगल्या बाजूला मोजून वहीत लिहावे, मग बिघडलेल्या बाजूला त्याच जागी मोजावे, आणि आकडे जिथे वेगळे निघतात तिथे थांबून विचार करावा. असे न करता अंदाजाने सुटे भाग बदलत जाणाऱ्या माणसाला दोष चुकून सापडला, तरी त्याचे कारण सापडत नाही.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. एका संचाच्या उजव्या बाजूचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होते. मी नवी जोडी बसवली आणि सिरीज बल्ब न लावता स्विच दाबला. दोन सेकंदांत दोन्ही गेले आणि खोलीत जळलेल्या रेझिस्टरचा वास पसरला. हीटसिंकला, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला, चिकटवलेल्या आणि त्याची उष्णता पाहून बायस (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा प्रवाह) आवरणाऱ्या इवल्याशा डायोडचा एक पाय सोल्डरच्या अगदी वरच तुटला होता. बोटाने हलवला तेव्हाच ते दिसले. तो पाय सुटल्यामुळे बायसला आवर घालणारे काहीच उरले नव्हते आणि दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच वेळी पूर्ण वाहू लागले होते. तेव्हापासून आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला दिसला की त्याच्या मागचे ड्रायव्हर (त्याला चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर), एमिटरच्या पायाला लावलेले कमी ओहमचे रेझिस्टर, बायसचा डायोड आणि प्रीसेट (बायस कमीजास्त करणारा, फिरवता येणारा छोटा रेझिस्टर) तपासल्याशिवाय मी नवा भाग बसवत नाही.

नवा ट्रान्झिस्टर बसवताना त्याला हीटसिंकपासून विजेने वेगळा ठेवणारा अभ्रकाचा वॉशर फाटलेला नाही हेही पाहावे, कारण २एन३०५५ सारख्या धातूच्या ट्रान्झिस्टरचे अंग म्हणजेच त्याचा कलेक्टर असतो. अंग आणि हीटसिंक यांच्यामध्ये मीटरने तपासले की दोन मिनिटांत खात्री होते. बाजारात नकली माल पुष्कळ असल्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा.

बायस कानाने किंवा अंदाजाने लावू नये. प्रीसेट आधी सर्वांत कमी बायसच्या टोकाला आणावा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवावा आणि एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजावेत, ०.३३ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ३० मिलिअँपिअर. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा आणि संच पंधरा-वीस मिनिटे तापल्यावर पुन्हा पाहावा. स्पीकरच्या टर्मिनलवरचे डीसी व्होल्टेज ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नको. काही व्होल्ट निघाले तर स्पीकरची कॉइल जळण्याचा धोका असतो.

जुना संच म्हटले की सगळे कपॅसिटर एका बैठकीत बदलण्याची प्रथा पडली आहे, ती मला मान्य नाही. चाळीस कपॅसिटरांपैकी एक उलटा लागला तर दोष जुना की आपण घातलेला, हे कळत नाही. बदलायचेच असतील तर आधी फोटो काढून एका वेळी एकच बाजू घ्यावी. कपॅसिटरच्या बुडाशी दिसणारा तपकिरी थर पुष्कळदा गळती नसून कारखान्यात लावलेला गोंद असतो. मात्र काही संचांत तो जुना झाल्यावर वीज वाहू लागतो आणि शेजारच्या पायांना गंज चढवतो, म्हणून तो खरवडून काढावा.

एक बाजू मधूनच जात असेल तर सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी टेप मॉनिटरचे (टेपरेकॉर्डरचा आवाज ऐकण्यासाठीचे) बटण पाच-सहा वेळा दाबून पाहावे. एनएडी ३०२० सारख्या, प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प मागून जोडणाऱ्या संचांत त्या जोडपिना काढून पुसाव्यात. आवाज वाढवल्यावर परत येत असेल तर रिलेचे (स्पीकर आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) काँटॅक्ट काळे पडलेले असतात. त्यांना पॉलिश पेपर लावू नये; रिलेच बदलावा. व्हॉल्यूमच्या खरखरीला काँटॅक्ट क्लीनर वापरावा, आणि साफ करूनही खरखर राहिली तर त्या पॉटवर (व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरवर) डीसी येते का ते मोजावे, कारण तसे असल्यास आधीचा कपलिंग कपॅसिटर गळत असतो.

काम झाल्यावर ८ ओहमच्या जाड रेझिस्टरवर संच तासभर चालवावा, हीटसिंकच्या दोन्ही बाजू सारख्याच गरम होतात का ते हात लावून पाहावे, मग अडगळीतला एखादा स्पीकर जोडून ऐकावे आणि त्यानंतरच घरातली चांगली जोडी लावावी.