आपलं संशोधन सोसायटीच्या हॉलमध्ये कसं सांगायचं

तुम्ही खारघरला कॅन्सरवर काम करत असाल, कर्जतला भाताच्या जातींवर, नाहीतर ऐरोलीतल्या एखाद्या लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसत असाल, तर कधी ना कधी कुणीतरी गाठून म्हणणारच, अहो आमच्याकडे येऊन जरा सांगा ना तुम्ही नक्की काय करता ते. हो म्हणा. फक्त कॉन्फरन्सचीच पीपीटी मराठीत करून नेऊ नका, पाचव्या मिनिटाला लोक मोबाईल काढतात.

आधी समोर कोण बसणार ते विचारून घ्या. "सामान्य जनता" असं कुणी नसतंच. घोडबंदर रोडच्या सोसायटीतले रिटायर्ड काका वेगळे, वाशी मार्केटमधले आंब्याचे व्यापारी वेगळे, दिवाळे गावातल्या मासे विकणाऱ्या मावशी वेगळ्या. मग कागदावर एकच वाक्य लिहायचं: हे ऐकून ही माणसं उद्या सकाळी काय वेगळं करतील? उत्तर "त्यांना माहिती मिळेल" असं येत असेल तर तुमचा विषय अजून ठरलेलाच नाहीये.

डेंग्यूचं बघा. संशोधक उभा राहिला की पहिलं वाक्य असतं, या विषाणूचे चार प्रकार आहेत. बरं मग? ऐकणाऱ्या बाईच्या घरात कुंडीखाली ताटली आहे आणि फ्रिजच्या मागे पाण्याचा ट्रे आहे, तिथून सुरू करा. अंड्यापासून डास उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करायचं, आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासायला लागतं, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातसुद्धा महिनोन्महिने तग धरतात. हे कारण कळलं की माणूस आपणहून घासतो, पालिकेचं पोस्टर लावायची गरज पडत नाही. हा डास दिवसा चावतो हेही सांगा, नाहीतर लोक रात्री मच्छरदाणी लावून निश्चिंत. आणि ते चार प्रकार? ते येतात जेव्हा मागून कुणीतरी म्हणतं, मला होऊन गेलाय, आता काय टेन्शन. तेव्हा सांगायचं, एका प्रकाराचा झालाय, अजून तीन शिल्लक आहेत आणि दुसऱ्या वेळचा जास्त जड जाऊ शकतो. तीच माहिती, पण आता लोक कान देऊन ऐकतात.

आकडे हा सगळ्यात अवघड भाग, इथे वेळ घालवा. टाटा मेमोरियलने मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाख बायकांवर बारा वर्षं एक अभ्यास केला होता, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाले. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरमधलं जे ॲसिड असतं त्याचं पातळ द्रावण लावायचं, मिनिटभराने पांढरा डाग दिसतो का बघायचं, आणि हे काम डॉक्टरांनी नाही, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविकांनी केलं. या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. भारी काम आहे, पण "३१ टक्के" एवढंच म्हणून पुढच्या स्लाइडला गेलात की अर्ध्या हॉलला वाटतं शंभर बायकांमधल्या ३१ जणींचा जीव वाचला. म्हणून असं सांगा: तपासणी नसती तर जिथे या कॅन्सरने १०० जणी गेल्या असत्या, तिथे साधारण ६९ गेल्या. आणि लगेच दुसरंही सांगा, की पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर नव्हे, पुढची तपासणी करायची एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य राहिलं तर घाबरून तपासणीलाच न जाणाऱ्या बायका तयार होतात. "धोका दुप्पट होतो" हेही तसंच. दहा हजारात दोनाचे चार झाले तरी दुप्पटच आणि शंभरात वीसाचे चाळीस झाले तरी दुप्पटच, त्यामुळे किती जणांमागे किती ते बोलल्याशिवाय टक्केवारी तोंडातून काढू नका.

यानंतर घरी एकदा मोठ्याने बोलून बघा, आईसमोर किंवा शेजारच्या काकूंसमोर, त्यांनी जिथे "म्हणजे?" विचारलं तिथे खूण करा. शुगर, बीपी, प्लेटलेट, व्हायरस हे शब्द लोकांच्या तोंडात आहेत, ते खुशाल वापरा. कोशातले जड प्रतिशब्द शोधत बसायचं काही कारण नाही.

आता भीतीचे प्रश्न. शेतीच्या विषयात हे हमखास येतात. अमेरिकेने २००७ पासून आपला आंबा पुन्हा घ्यायला सुरुवात केली ती किरणोत्सर्गाच्या प्रक्रियेच्या अटीवर, वाशीला ही प्रक्रिया करणारं केंद्र आहे, तिथेही हापूस गॅमा किरणांखालून जातो. हे सांगितलं की पहिला हात वर: मग तो आंबा किरणोत्सर्गी होतो का हो? इथे हसायचं नाही, "तसं काही नसतं" म्हणून उडवायचंही नाही. सरळ उत्तर द्या. नाही होत. एक्स-रे काढून आलेला माणूस घरी येऊन किरणं सोडत नाही, तसंच. किरण कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूमधून येतात, तो कोबाल्ट आंब्याला शिवतसुद्धा नाही, आणि या किरणांची ताकद फळाला किरणोत्सर्गी करण्याइतकी नसतेच. साधारण ४०० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) एवढ्या मात्रेत कोयीतली कीड आणि फळमाशी यांची पुढची पिढी वाढत नाही, तेवढ्यासाठी हे सगळं. मग न विचारता याच्या मर्यादाही सांगून टाका: फवारलेल्या औषधाचे अंश याने जात नाहीत, सडलेलं फळ चांगलं होत नाही, काही जीवनसत्त्वं थोडी कमी होऊ शकतात. माझा अनुभव असा की या तीन वाक्यांनंतर लोक बाकीच्यावर जास्त विश्वास ठेवतात, कारण एरवी फक्त चांगलंच सांगणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो.

जागा आणि वेळ म्हणाल तर बायकांच्या आरोग्यासाठी जानेवारीतलं हळदीकुंकू सोन्यासारखं, बायका आधीच जमलेल्या असतात आणि पुरुष नसतात, त्यामुळे व्हिनेगरच्या तपासणीवर मोकळेपणी बोलता येतं. मार्केटच्या लोकांना दुपारी गाठा, त्यांचं काम पहाटेच सुरू झालेलं असतं. रविवारी बाहेरून लोक येणार असतील तर मेगाब्लॉक बघून घ्या. प्रोजेक्टर नसला तर उत्तमच, एक कापलेला आंबा नाहीतर डासाच्या अळ्यांची झाकण लावलेली बरणी जास्त काम करते (बरणी घरी जाताना विसरू नका!).

जायच्या आधी ऑफिसमध्ये विचारून ठेवा काय बोलायची परवानगी आहे. न छापलेले निष्कर्ष नकोत, पेशंटचे फोटो तर चेहरा झाकूनसुद्धा नकोत. पैसे कुठून येतात हे कुणी विचारलं तर सांगून टाका, लपवलं की संपलं.

प्रश्नोत्तरांना तुमच्या बोलण्याइतकाच वेळ द्या. वीस मिनिटं बोललात तर वीस मिनिटं ऐका. कुणीतरी रिपोर्टची फाइल घेऊन येणारच. तिथे निदान करायचं नाही, तुम्ही डॉक्टर असलात तरी नाही, कुठल्या ओपीडीत कुठली कागदपत्रं घेऊन जायचं एवढं नीट लिहून द्या. "हे अजून कुणालाच माहीत नाही" हे उत्तरही चालतं, फक्त ते शोधायला काय चाललंय ते जोडून सांगा.

शेवटी व्हॉट्सॲप. तुम्ही काही लिहून दिलं नाही तर दुसरं कुणीतरी लिहील, आणि संध्याकाळपर्यंत व्हिनेगर प्यायल्याने कॅन्सर बरा होतो असा मेसेज तुमच्या नावाने फिरेल. म्हणून आठ-दहा ओळींचा मजकूर तयार न्या, तारीख घाला, संस्थेचं नाव घाला, काय करायचं नाही तेही घाला, आणि हॉलमधून निघायच्या आधी सेक्रेटरींना ग्रुपवर टाकायला सांगा.